न्यूट्रललाच अर्थिंग जोडलं तर चालेल का? घरगुती गिझरची वायरिंग आणि अर्थिंग

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात साखर पेठेतलं जुनं घर. बाथरूममध्ये १५ लिटरचा, २००० वॉटचा गिझर बसवायचाय. तिथे सध्या ६ अँपियरचा सॉकेट आहे. बोर्डात हिरवी वायर दिसते, पण ती पुढे कुठे जाते हे घरात कुणालाच माहीत नाही. वायरमनचं म्हणणं, सॉकेटच्या वरच्या भोकाला न्यूट्रलचा तुकडा जोडून देतो, अर्थिंग झालं. आणि शेजारी सांगतात, आरसीसीबी (करंट वाट चुकून बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच) लावू नका, सारखी पडते, म्हणजे आपोआप बंद होते.

न्यूट्रलचा तुकडा अजिबात चालणार नाही. आरसीसीबी मात्र लावायचीच. ती सारखी पडत असेल तर तिला काहीतरी सापडलेलं असतं. ते काय असू शकतं ते पुढे येईलच.

आधी तो न्यूट्रलचा तुकडा. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत गिझर नीट चालतो आणि टेस्टर लावला तरी बॉडीवर काही दिसत नाही. म्हणूनच ही युक्ती इतकी पसरली आहे. पण खांबावर, मीटरपाशी किंवा जुन्या बोर्डाच्या सैल स्क्रूखाली न्यूट्रल सुटला, की फेज गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रलच्या टर्मिनलवर येतो आणि त्या तुकड्यातून थेट गिझरच्या बॉडीवर. २००० वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स जेमतेम २६ ओहम असतो, म्हणजे अडवणारं मध्ये काहीच नाही. बॉडी, शॉवरचा धातूचा नळ, सगळं २३० व्होल्टवर. त्या वेळी पाणी गरम होत नाही, म्हणून घरातला माणूस बघायला जातो आणि पहिला हात गिझरलाच लावतो. खांबावर काम झाल्यावर फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तर न्यूट्रल तुटायचीही गरज उरत नाही. शिवाय या तुकड्यामुळे आरसीसीबी आंधळी होते. कॉइल फुटून बॉडीत गेलेला करंट न्यूट्रलमधूनच परत येतो, जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो, आणि ती पडत नाही.

आता दुसरा गैरसमज: अर्थिंग चांगलं असलं की एमसीबी (जादा करंटवर लाइन तोडणारा स्विच) पडते आणि माणूस वाचतो. आकडे मांडून बघा. गिझरसाठी आपण १६ अँपियरची सी प्रकारची एमसीबी लावतो. ती झटक्यात पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपियर करंट लागतो. तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहम असेल, आणि घरासाठी हा चांगला आकडा आहे, तर फेज बॉडीला लागल्यावर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपियर वाहतील. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचं अर्थिंगही वाटेत येतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. इतक्यावर एमसीबी पडेल, पण तिला काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. अर्थिंग २० ओहमचं असेल तर जेमतेम साडेअकरा अँपियर वाहतील. १६ ची एमसीबी साडेअकरावर कधीच पडत नाही. बॉडी २०० व्होल्टच्या आसपास तशीच राहील आणि मीटर मात्र पळत राहील.

आपल्याकडे २० ओहम होणं अवघड नाही. अर्थिंगचा तीन मीटरचा रॉड जमिनीत उभा ठोकला तर त्याचा रेझिस्टन्स ढोबळमानाने मातीच्या रोधकतेच्या (माती करंटला किती अडवते त्या मापाच्या) एक तृतीयांश येतो. रोधकता १५ ओहम-मीटर असेल, जशी ओल धरलेल्या काळ्या मातीत असते, तर ५ ओहम मिळतात. १०० ओहम-मीटरच्या कोरड्या मुरमात तोच रॉड ३३ ओहम दाखवतो. सोलापूरच्या जमिनीत काळ्या मातीचा थर कुठे पुरुषभर तर कुठे दोन फूट, त्याखाली मुरूम आणि मग बसाल्टचा कातळ. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, जमीन भेगाळते आणि माती रॉडपासून सुटते. पावसाळ्यात ४ ओहम मोजलेला अर्थिंगचा खड्डा मेमध्ये १५ दाखवू शकतो. म्हणून अर्थिंग मोजायचं ते उन्हाळ्यात.

इथे ३० मिलीअँपियरची आरसीसीबी कामाला येते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत १५ ते ३० मिलीअँपियरचा फरक पडला की ती पडते. ३३ ओहमचं वाईट अर्थिंग धरलं तरी ३० मिलीअँपियरला बॉडीवर एक व्होल्टच चढतो आणि तेवढ्यात लाइन बंद होते. मग अर्थिंगची गरजच काय, असं वाटेल. तर अर्थिंग नसेल तेव्हा करंटला जमिनीत जायला वाट नसते. आरसीसीबी गप्प बसते आणि माणूस नळाला हात लावतो तेव्हाच ती वाट तयार होते. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला तर अंगातून २३० मिलीअँपियर जातील. इतक्या करंटला आरसीसीबी ४० मिलिसेकंदांत पडायला हवी आणि बहुतेक वेळा जीव वाचतो. पण झटका बसतोच, आणि ओल्या फरशीवर झटक्याने पडून डोकं फुटलं तर त्यावर आरसीसीबीकडे उपाय नाही. अर्थिंग असलं की बिघाड होताक्षणी, कुणी हात लावण्याआधीच, ती पडते. म्हणून दोन्ही हवीत.

आता तुमच्या हिरव्या वायरचा शोध. ती कुठेच जात नसेल ही शक्यता मोठी आहे. जुन्या घरांत अर्थिंग म्हणून ती पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पुढे पाइप बदलून प्लॅस्टिकचे झाले आणि वायर नुसती लोंबकळत राहिली. यात एक छुपा धोका आहे. घरातल्या सगळ्या सॉकेटच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात, पण जमिनीशी नसतात. मग स्वयंपाकघरातल्या फ्रिजची बॉडी लाइव्ह झाली की तोच फेज हिरव्या वायरने गिझरच्या बॉडीवर येतो. गिझर नवाकोरा असून नळाला झिणझिण्या येतात त्या अशा. घरालगत यंत्रमाग असतील आणि मागाचं व घराचं अर्थिंग एकत्र बांधलेलं असेल, तर मागाच्या मोटरचा दोषही याच वाटेने बाथरूममध्ये पोचतो.

तपासताना नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. निऑनचा दिवा शेजारच्या वायरीतून आलेल्या फसव्या व्होल्टेजवरही लुकलुकतो. डिजिटल मल्टिमीटरही इथे फसवतो. त्याच्यातून इतका नगण्य करंट जातो, की अर्थिंग ५०० ओहमचं असलं तरी फेज आणि अर्थमध्ये तो खुशाल २३० दाखवेल. भार टाकून बघायला लागतं. १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब होल्डरमध्ये लावून एक टोक फेजला, दुसरं अर्थला जोडायचं आणि त्याच वेळी मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थमधलं व्होल्टेज वाचायचं. बल्ब सुमारे ०.४३ अँपियर घेतो. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बल्ब लावण्यापूर्वीपेक्षा दोन-तीन व्होल्टने वाढलं तर अर्थिंग पाच-सात ओहमचं आहे. वीस व्होल्टने वाढलं तर पन्नासच्या आसपास. बल्ब मिणमिणला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नाहीच. ही तपासणी दोन-तीन सेकंदांतच उरकायची, आणि तेवढ्या वेळात घरात कुणीही फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन यांना हात लावता कामा नये, कारण अर्थिंग खराब असेल तर त्या सगळ्या बॉडींवर करंट चढतो. हे काम परवानाधारक वायरमनचंच. आरसीसीबी असलेल्या लाइनवर बल्ब लावताच ती पडेल, आणि तेही अर्थिंग जोडलेलं असल्याचं लक्षण आहे. त्याचा आकडा मात्र त्यातून कळत नाही. अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर (अर्थिंग मोजायची यंत्रं) असलेला माणूस मिळाला तर बल्बचा खटाटोप नको.

अर्थिंग नाही असं ठरलं तर खड्डा करावाच लागेल. जागा भिंतीपासून किमान दीड मीटर दूर आणि ओल राहील अशी: मोरीच्या पाण्याची वाट, झाडाचं आळं. पेठेतल्या घराला अंगण नसेल तर आतला चौक बघा. पारंपरिक पद्धत म्हणजे ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब, १२ मिमीची भोकं पाडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आणि भोवती मीठ-कोळशाचे आलटून-पालटून थर. पद्धत चांगली आहे, पण मीठ पाइपलाच खातं, शिवाय दर उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, जे कुणी घालत नाही. नवीन करायचंच तर तांब्याचा मुलामा दिलेला सुमारे १७ मिमी व्यासाचा तीन मीटरचा रॉड आणि भोवती ओल धरून ठेवणाऱ्या अर्थिंग पावडरची २५ किलोची एक पिशवी, हे मला जास्त टिकाऊ वाटतं. चार-पाच फुटांवर कातळ लागला तर रॉड अर्धा कापून वेळ मारून नेऊ नका. दोन ठिकाणी रॉड ठोका, दोन्हींतलं अंतर किमान रॉडच्या लांबीइतकं ठेवा आणि ते जमिनीखालून जोडा. जवळजवळ ठोकलेले दोन रॉड जवळपास एकाच रॉडइतकं काम करतात. रॉडपासून मुख्य बोर्डापर्यंत ६ चौमिमीची हिरवी तांब्याची वायर किंवा ८ गेजची जीआय तार, टोकाला लग (धातूची कडी) दाबून आणि नट-बोल्टने कसून. तार नुसती गुंडाळलेली नको. जोडावर पेट्रोलियम जेली फासा आणि वर झाकणाची चेंबर करा, म्हणजे पुढे मोजता येईल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी स्वतःचा खड्डा शोधत बसू नये. तळमजल्याच्या मीटर पॅनलपासून आपल्या बोर्डापर्यंत अर्थची वायर सलग आली आहे का, एवढं तपासून घ्यावं.

वायरिंग त्या मानाने सोपं. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपियर. ६ अँपियरचा सॉकेट आणि जुनी ३/२२ ची (२२ गेजच्या तीन तारांची) वायर, जी जेमतेम १.२ चौमिमी भरते, दोन्ही बाद. बोर्डापासून गिझरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा, मध्ये कुठे दिवा किंवा पंखा घ्यायचा नाही. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही २.५ चौमिमी तांब्याच्या, आयएसआय मार्कच्या, आग न पसरवणाऱ्या इन्सुलेशनच्या. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. अर्थची वायर बारीक घेऊन पैसे वाचवायची सवय अनेकांना आहे. बिघाडाच्या वेळी सगळा करंट तिच्यातूनच जाणार असतो. अंतर बारा मीटर असेल तर प्रत्येक रंगाची चौदा मीटर घ्या आणि २० मिमीच्या पाइपातून न्या. मध्ये जोड नको. स्वयंपाकघरात ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर असेल तर तो १३ अँपियर घेतो. तिथे ४ चौमिमी वायर आणि २० अँपियरची एमसीबी.

बोर्डात तुमच्यासारख्या जुन्या घराला मी पूर्ण घराची आरसीसीबी आधी सुचवणार नाही. जुन्या वायरिंगमध्ये इतके बारीकसारीक लीकेज असतात, की ती रोज पडेल, आणि वैतागून कुणीतरी तिला बगल देऊन लाइन थेट जोडून टाकेल. या लाइनपुरती १६ अँपियर, ३० मिलीअँपियरची, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी आरसीबीओ बसवा. तिच्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात. वेगळी आरसीसीबी घेतली तर तिच्यासोबत एमसीबी लागतेच, कारण नुसती आरसीसीबी जादा भार किंवा शॉर्ट सर्किट ओळखत नाही. उरलेल्या घराचं वायरिंग पुढे बदललं की मग तिथेही बसवा.

सॉकेट १६ अँपियरचा, शॉवरचं पाणी उडणार नाही तिथे, जमिनीपासून १.८ मीटरच्या वर आणि गिझरच्या बाजूला. बरोबर खाली नको, कारण गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकला की पाणी प्लगवर पडतं. स्विच बाथरूमच्या दाराबाहेर, २० अँपियरचा डीपी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. साधा स्विच फक्त फेज तोडतो, आणि कधी फेज-न्यूट्रल उलटे झाले तर स्विच बंद असूनही कॉइल लाइव्ह राहते. सॉकेट समोरून पाहिला की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. गिझरच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. कॉर्डच्या प्रत्येक टोकावर फेरूल (धातूची छोटी टोपी) दाबून मगच स्क्रूखाली घ्या. प्लगच्या आत अर्थची वायर थोडी लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर ती शेवटी सुटेल. कॉर्ड सॉकेटखाली थोडी झोल देऊन वर आणा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलापाशीच गळून पडतं.

गिझरचे सॉकेट जळतात ते भारामुळे कमी आणि सैल पकडीमुळे जास्त. सैल सांध्यावर उष्णता साठते, पितळेची पकड लवचिकता गमावते, मग ती आणखी सैल होते. पंधरा मिनिटं गिझर चालवून प्लग बाहेर काढा. पिना हाताला चटकत असतील किंवा प्लॅस्टिक पिवळसर पडलं असेल, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर खराब पिन नव्या पकडीची वाट लावते. कन्व्हर्जन प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड गिझरला कधीच नाही. मीटरचा मंजूर भारही बिलावर पाहून घ्या. तो जुना एक किलोवॉटचा असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

आता शेजाऱ्यांची तक्रार. आरसीसीबी सारखी पडण्याची नेहमीची कारणं मोजकी आहेत. पहिलं, न्यूट्रलची सरमिसळ. तिच्यातून निघालेला न्यूट्रल फक्त तिच्याच लाइनला गेला पाहिजे. इन्व्हर्टर बसवताना दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र बांधतात, मग इन्व्हर्टरवरचा दिवा लावला तरी ती पडते. दुसरं, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ चिकटलेले, म्हणजे तुमच्या वायरमनने सुचवलेली युक्तीच घरात दुसरीकडे आधीपासून केलेली. तिसरं, कॉइल. कॉइलच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते. आपल्याकडे गिझर मार्चमध्ये बंद होतो तो थेट दिवाळीनंतर चालू होतो. मधल्या पावसाळ्यात टोकांमधून ओल आत शिरते आणि पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडते. इथे मल्टिमीटर कामाचा नाही. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून कॉइल आणि बॉडीमधलं इन्सुलेशन मोजायचं. एक मेगाओहमच्या खाली असेल तर तसं चालवायचं नाही. कॉइल बाहेर काढून कोरडी केल्यावर आकडा वाढला तर ओलच होती. नाही वाढला तर कॉइल बदला. आणि हे कळेपर्यंत आरसीसीबीला बगल देऊन गिझर चालवायचा नाही, एक दिवससुद्धा.

सोलापुरात कॉइल लवकर जाण्याचं मोठं कारण पाणी. उजनीचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं पाणी टाकीत चढतं आणि ते जड असतं. गरम झालं की त्यातले क्षार कॉइलवर पांढऱ्या कवचासारखे बसतात. कवचामुळे उष्णता पाण्यात जात नाही, धातूचं आवरण आतून जास्त तापतं, तडकतं, पाणी आत शिरतं आणि फेज पाण्यात येतो. गिझर करकर आवाज करू लागला किंवा पाणी तापायला जास्त वेळ लागू लागला तर कवच चढलं समजा. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी थंडीआधी कॉइल काढून साफ करावी आणि टाकीला गंजू न देणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलावा. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवला तर क्षार कमी बसतात.

याच पाण्यामुळे आणखी एक गोष्ट होते, जी आरसीसीबी पकडत नाही. वाहकता सेंटिमीटरला १५०० मायक्रोसिमेन्स असलेलं पाणी अर्ध्या इंची प्लॅस्टिक पाइपात भरलं, तर मीटरभर पाण्याचा रेझिस्टन्स ३५ ते ४० हजार ओहम होतो. बॉडीला अर्थिंग नसेल आणि पाण्यात फेज आला असेल, तर नळापर्यंत सहा-एक मिलीअँपियर सहज पोचतात. आरसीसीबी पडायला ते कमी आहेत, अंगाला मात्र चांगलेच जाणवतात. टाकीचं अर्थिंग पक्कं असेल तर करंट टाकीच्या धातूतून जमिनीत जातो आणि नळापर्यंत येत नाही.

नळाला झिणझिण्या आल्याच तर आधी कोरड्या हाताने बाहेरचा स्विच बंद करा आणि प्लग उपसून टाका. प्लग काढल्यावर त्या थांबल्या तर दोष गिझरमध्ये किंवा त्याला येणाऱ्या अर्थच्या वायरमध्ये. गिझर नसलेल्या नळालाही येत असतील तर पाइप, मोटर किंवा शेजाऱ्याच्या लाइनमधून काही येतंय का बघा. टाकी भरायची बोअरची मोटर चालू असतानाच येत असेल, तर संशय मोटरवरच.

बसवून झाल्यावर वीज लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवा निघून सलग धार लागेपर्यंत टाकी भरा. कोरडी कॉइल चालू झाली तर एक-दोन मिनिटांत जळते. धार लागल्यावर आरसीबीओ चढवा, तिचं टी बटण दाबून ती पडते का बघा, मगच गिझर सुरू करा. हे बटण महिन्याला एकदा दाबत जा. मात्र ते आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही.

आणि सर्व्हिसला आलेला माणूस कॉइल बदलून गेला की त्याच्यासमोरच खालचं झाकण उघडून हिरवी-पिवळी वायर टाकीच्या स्क्रूला दाताच्या वॉशरसह परत कसली आहे का बघा. कॉइल काढताना ती आधी सुटते, आणि ती न लावताही गिझर पाणी तितकंच गरम करतो, त्यामुळे राहून गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही.